कोरी शिंगं

आधी जुबेदाआपांचं नाव लिहिते. त्या नसत्या तर मला नानामामांचं शेवटचं तोंडही दिसलं नसतं. हैदराबादच्या एका कारखान्यात आम्ही दोघी सिनेमासाठी कल्पनेतल्या जिवांची मुंडकी रंगवतो. मामांच्या गावाहून, उमापूरहून, फोन आला आणि माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला... आपांनी मला बसमध्ये बसवलं, गेवराईला उतरवा म्हणून ड्रायव्हरला दोनदा बजावलं, आणि माझ्या टेबलावरच्या मुंडक्याबद्दल म्हणाल्या, "फिकर नक्को कर. इसको कोई हात नै लगाता."

आईबाप ऊसतोडीला गेले की मी मामांकडं असायची. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा बैलांची शिंगं तासायचे, मी लाल हिंगूळ लावून चकाकत्या कागदाची बेगड चिकटवायची. भावकीतल्या कुणीतरी एकदा टोचलंच, "पोरीच्या हातानं शिंगं रंगवायलास व्हय बे?" मामा मान वर न करता म्हणाले, "बैलानं तक्रार केली न्हाई. तुजी शिंगं कावून दुखायलीत?"

यंदा कारखान्यात शिंगवाल्या माणसांची एक टोळी बनत होती. सोनेरी पत्रे, मणी, घुंगरं... मी मोबाईलवर फोटो पाठवले. मामांना आता दिसत नव्हतं, मामी वर्णन करून सांगायची. सगळं ऐकून मामांनी विचारलं, "समद्यांचीच शिंगं सजलेली?" हो म्हटलं. "मंग त्यांच्यात कुणी मरत न्हाई का?"

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरच्या बैलांची शिंगं वर्षभर कोरी ठेवायची, ही आमच्या गावाकडची रीत. पोळ्याच्या मिरवणुकीत तशी जोडी आली की हलगीवाला क्षणभर हात आवरतो. मी भीत भीत टोळीतल्या एका म्हातारीची शिंगं कोरी सोडली. कारखान्याचे साहेब म्हणाले, "अर्धवट दिसतंय, रंगवून टाक." मामांना सांगितलं, तर म्हणाले, "रंगवू नगंस. आन तिला हिकडं एकदा, हातानं बघीन मी." पोळ्याला आणते म्हटलं... पोळ्याच्या आधीच मामा गेले. त्या शिंगांवरून त्यांचा हात एकदा फिरायला हवा होता. हे आता कुठंच दुरुस्त होत नाही.

तेरावं करून परतले तर म्हातारी टेबलावर तशीच, आपांच्या ओढणीत गुंडाळलेली. साहेब रंगवायला आले तेव्हा आपा मध्ये उभ्या राहिल्या होत्या म्हणे. "उसके घर में मय्यत हुई ना साब, इसका सिंगार कैसा करतें?" साहेब तसेच मागं फिरले. म्हातारी कोऱ्या शिंगांनीच चित्रीकरणाला गेली.

पोळ्याला मामीचा फोन आला. "आपल्या जोडीपुढं हलगी थांबली गं."

त्या जोडीच्या पितळी शेंब्या, शिंगांच्या टोकांना बसवायच्या, मामीनं निघताना माझ्याकडं दिल्यात. खोलीतल्या फळीवर आहेत. रोज पुसते. आपांचं हे ऋण मला फेडायचंय. वर्ष सरलं की येत्या पोळ्याला त्यांना उमापूरला नेणार, आणि मामांच्या बैलाला पहिली शेंबी आपांच्याच हातानं बसवणार. कुणाची शिंगं दुखली तर दुखू देत.