मामांच्या इंजिनाचा पोळा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून रेल्वेचा एक फूटभरही रूळ नाही. तरीसुद्धा इथं रेल्वेचा एक अपघात झालेला आहे. तो पिंपरी पेंढारला आमच्या ओसरीवर झाला, आणि इंजिन त्या वेळी माझ्या ताब्यात होतं.

हे इंजिन माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणतो. मामा घोडेगावचे, पण उभा जन्म रेल्वेत गेला. आधी वाफेच्या इंजिनात कोळसा मारला, मग ड्रायव्हर झाले. निवृत्त होऊन गावी आले आणि मामी गेल्यावर घर अगदीच गप्प झालं, तेव्हा त्यांनी हातभर लांबीचं एक इंजिन करायला घेतलं. तेलाच्या डब्यांचे पत्रे, तांब्याची नळी, पितळी तारा. चाकं फिरत होती, दांडे हलत होते, चिमणीवर झाकण होतं. फक्त रंग राहिला. तेवढ्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हातही थरथरायला लागला.

"ऑपरेशन झालं की मला माझं इंजिन काळंकुळकुळीत बघायचंय," मामा म्हणाले. "पण रंगवणार कोण?"

"हे रंगवतील की!" आमच्या सौ. सुनंदा म्हणाल्या. (घराचा मागचा दरवाजा मी एकदा रंगवला होता. तो त्यानंतर उघडलेला नाही, हे तिनं माहेरी सांगितलेलं नव्हतं.)

मामांनी इंजिन जुन्या धोतरात गुंडाळून तान्ह्या बाळासारखं माझ्या हातात दिलं. आजवर त्यांनी ते कुणाला उचलूही दिलं नव्हतं. "जावईबापू, अंग काळं. पुढची आडवी पट्टी तेवढी लाल. आणि चकाकता कामा नये हं! इंजिन आहे, नवरदेवाची गाडी नव्हे. भाद्रपदातल्या पोळ्याला जेवायला येतो, तेव्हा घेऊन जाईन."

ब्रशनं पहिला हात दिला, तर रंगाचे ओघळ काकवीसारखे खाली आले. तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली. (माझ्या डोक्यात कल्पना आली की सुनंदा आधी गॅस बंद करते.) शोरूममधल्या गाड्या ब्रशनं रंगवतात का? फवाऱ्यानं रंगवतात! आणि द्राक्षवाल्या माणसाच्या घरी फवाऱ्याला काय तोटा? मी पाठीवरचा पंप काढला.

"पंप धुतलास का रं दत्ता?" आईनं गोठ्यातून विचारलं.

"धुतला की!"

धुतला होता. मागच्या हंगामात.

पंपात काळा रंग आणि थिनर ओतला, पंप पाठीला अडकवला, इंजिन कठड्यावर ठेवलं आणि दांडा मारला. नोझल आधी फुसफुसलं, मग खोकलं, आणि मग तळाशी साचलेलं, द्राक्षांच्या डावनी रोगावरचं मोरचूद-चुन्याचं सगळं औषध गुठळ्या-गुठळ्यांनी इंजिनाच्या अंगावर थुंकलं! काळ्या अंगावर निळेपांढरे ठिपके. शेजारचे बबनभाऊ कुंपणाशी थांबले, निरखून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बरं केलं राव. आता इंजिनावर डावनी येत न्हाई."

थिनरनं सगळं पुसून काढलं. (पंपाची रबरं थिनरनं खाल्ली ती वेगळीच.) पुन्हा ब्रशनं, या वेळी पातळ हात देऊन, इंजिन अंगणात उन्हाला ठेवलं आणि चहा प्यायला आत गेलो. त्याच मुहूर्तावर बबनभाऊंनी बाजरीच्या मळणीचं यंत्र सुरू केलं. वारा आमच्याच दिशेला होता. चहा पिऊन बाहेर आलो, तर इंजिनाला लव फुटली होती!

"अहो, थंडी वाजतीय का त्याला?" सुनंदा म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "दादांनी एवढं विश्वासानं दिलंय हो. आई गेल्यापासून तेवढंच एक घेऊन बसले होते ते." (दादा म्हणजे तिचे वडील, माझे मामा.)

मी नखानं बाजरीचा चिकटलेला भुसा उपटायला लागलो. आणि पोळा तर उद्यावर आला होता! तेवढ्यात मामांचाच फोन.

"जावईबापू, डोळा फस्क्लास उघडलाय! आता भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते. रंगातली बारीकशी सुरकुती असली ना, तीही दिसेल. येतो उद्या!"

पोळ्याच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी पॉलिशपेपर घेऊन बसलो आणि सगळा रंग खरवडून पत्रा पुन्हा उघडा केला. ते करता करता खांदे भरून आले. म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकतो आणि मग एकदम झकास हात मारतो. टेकली.

आता, आमच्या दावणीला अजून एक बैलजोडी आहे, आणि पोळ्याला तिची शिंगं रंगवण्याचा मान आईचा. त्यात ती दुसऱ्याला हात लावू देत नाही. बोटाला चिंधी गुंडाळायची, रंगाला नुसती टेकवायची आणि शिंगावर पुसत न्यायची. एक हात वाळला की दुसरा. त्या दिवशी बैल सजवून ती ओसरीवर आली, तर तिला काय दिसलं? एक उघडंवाघडं इंजिन आणि एक घोरणारा मुलगा. शेजारी काळ्या रंगाचा उघडा डबा. शिंगांचा लाल-पांढरा रंग उरलेला. सणाचा दिवस. बाईमाणसाचा जीव!

"अहो उठा!" सुनंदा मला गदागदा हलवत होती. "दादा आलेत! आणि इंजिन आपल्याकडं बघतंय!"

मी ताडकन उठलो. इंजिन खरोखरच बघत होतं. अंग काळंभोर, ओघळ नाही, ठिपका नाही, पण चिमणीला सोनेरी बेगडाचे वेढे. पुढची पट्टी लाल, तिच्या दोन्ही टोकांना लोकरीचे गोंडे. आणि पुढच्या गोल झाकणावर दोन टपोरे पांढरे डोळे, काजळासकट! वर मध्यभागी कुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"काय म्हंजी? तोंड हाय तर डोळं नगं व्हय? आंधळं पळवतोस का त्याला?"

मामा फाटकातून आत येत होते. मी धोतराचा बोळा करून थिनरमध्ये बुडवला आणि इंजिनाच्या डाव्या डोळ्यावर झडप घातली.

"थांबा! हात लावू नका!" मामा ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

ते ओसरीवर आले आणि इंजिनासमोर उकिडवे बसले. काळा चष्मा काढून आपला नवा डोळा त्यांनी इंजिनाच्या डोळ्याला भिडवला. मी मनातल्या मनात घोडेगावला जाणं कायमचं बंद करून टाकलं.

"विहीणबाई," शेवटी मामा म्हणाले, "जन्म गेला इंजिनावर. पण मी कायम पाठीमागं. मान बाहेर काढली तरी दिसायचं ते त्याचं अंग आणि धूर. समोरून येताना ते कसं दिसतं, हे फाटकात थांबलेल्या माणसांनी बघायचं. एकदा सुनंदाच्या आईला विचारलं होतं मी, गाडी येताना कशी दिसते गं? तर म्हणाली, रागावलेल्या रेड्यासारखी. पण आत तुम्ही असता, म्हणून भ्या वाटत नाही." त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यापाशी नेलं, मग डॉक्टरांनी डोळा चोळायला बंदी केल्याचं आठवून तसंच खाली आणलं. "आज बघितलं. असं दिसायचं तर तिला!"

सुनंदानं पदर तोंडाला लावला. आई मात्र घुश्श्यात होती.

"रेडा न्हाई पावणं, बैल हाय त्यो. रेड्याला बेगड कोन लावतं?"

मामा इतके हसले, की मला पुन्हा त्यांच्या डोळ्याची काळजी वाटायला लागली.

"जरा चकाकतंय का हो?" मी हळूच विचारलं.

"सणाचं आहे. चकाकू द्या!"

मग आईनं बैलांना ओवाळलं आणि त्याच ताटानं इंजिनालाही ओवाळलं. बैलांनी पुरणपोळी खाल्ली. इंजिनाची मामांनी खाल्ली.

आता ते घोडेगावला टीव्हीशेजारी असतं. बेगड, गोंडे, इतकंच काय, काजळसुद्धा मामांनी काढू दिलेलं नाही. येणारा-जाणारा विचारतोच, "रंग कुणाचा?"

"आमच्या विहीणबाईंचा."

"आणि जावयांनी काय केलं?"

मी तिथं असलो, की मग मामा माझ्या खांद्यावर हात ठेवतात, आणि त्यांच्या आवाजात जावयाविषयीचं खरंखुरं कौतुक असतं.

"जावई ना? ते ऐन वेळेला झोपले, म्हणून तर इंजिन वाचलं!"