राष्ट्रपती, आणीबाणी आणि आमचा कुकर

काल दुपारी धामणकर नाक्याच्या सायबर कॅफेत मी एका अनोळखी लूम-मास्तरला कडकडून मिठी मारली. "मुबारक हो भाईसाब, बेटी पास हुई?" असं तो बिचारा विचारत होता. बेटी माझी नव्हती... पण मिठी काही सुटेना.

पास झाली ती सुवर्णा. शेलार गावची पोरगी, जन्मापासून अंध. गेल्या वर्षी बारावीला राज्यशास्त्रात गचकली होती. तिला टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सला जायचं होतं आणि तिथे बारावी पास लागते. वडिलांनी सांगूनच टाकलं होतं, यंदाही राहिलीस तर घरी बसायचं.

आमच्या अंध केंद्रात आम्ही सहा-सात कार्यकर्ते आहोत. राहनाळच्या पाटीलकाकू सगळ्या अंध पोरांना हाताला धरून नाका ओलांडून देतात. त्यांनी छत्री आडवी धरली की दहा चाकी ट्रकसुद्धा गपगुमान उभा राहतो. कांबळे सर निवृत्त शिक्षक, ते ब्रेल शिकवतात... आणि उरलेल्या वेळात आम्हाला फैलावर घेतात.

माझं काम पुस्तकं वाचून कॅसेट भरायचं. शाळेत गॅदरिंगला सूत्रसंचालन करायचो, तेव्हापासून स्वतःच्या आवाजाबद्दल माझा जरा गैरसमज आहे.

आमच्या घराखाली कापडाचे लूम खडखडतात. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा. सरांचा नियम कडक... मध्ये कुणी बोललं की टेप थांबवायचा, शांत झालं की पुढे वाचायचं.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी 'राष्ट्रपतींचे आणीबाणीविषयक अधिकार' हा धडा होता. मी खुर्चीत ताठ बसून असा काही वाचत होतो, जणू आणीबाणी मीच लावतोय. स्वयंपाकघरात मनीषाने, म्हणजे आमच्या सौ.ने, खिचडी लावलेली.

व्यत्यय आला की मी पॉज दाबत होतो, अगदी इमानदारीत. पण टेप जुना, पॉजचं बटण ढिलं झालेलं... ते दाबलं तरी कॅसेट आपली फिरतच होती. हे मला कळलं थेट केंद्रात. माझा स्वतःवर एवढा भरवसा की कॅसेट ऐकून न बघताच देऊन आलो होतो.

सर प्रत्येक कॅसेट आधी सगळ्यांसमोर तपासतात, त्या दिवशी सुवर्णाही होती. चहा आला, टेप सुरू झाला. "आणीबाणीचे तीन प्रकार आहेत. पहिला, राष्ट्रीय आणीबाणी..." कुकरची शिट्टी. "दुसरा, राज्यातील आणीबाणी, म्हणजेच राष्ट्रपती राजवट..." दुसरी शिट्टी. "तिसरा, आर्थिक आणीबाणी..."

आणि मग मनीषाचा खणखणीत आवाज. "अहो, गॅस संपला! तिसरी शिट्टी काही येत नाही आता! आधी सिलिंडरला नंबर लावा!"

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पुढे माझाच आवाज... "थांब गं! एक शब्द चुकला तर तो खडूस म्हातारा माझी सालं काढेल."

सरांनी शांतपणे टेप मागे घेतला आणि तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं. "उच्चार स्पष्ट आहेत हो म्हात्रे," म्हणाले. पाटीलकाकूंच्या नाकातून चहा आला.

मी लाजेने अर्धा झालो. परीक्षा तोंडावर, पुढच्या शुक्रवारची वाट बघायला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून कल्याणला बहिणीकडे गेलो, दारं-खिडक्या लावल्या, डोक्यावरून गोधडी घेतली आणि घामाच्या धारांत अख्खा धडा पुन्हा वाचला. ना शिट्टी, ना सिलिंडर... माझ्या मते ती माझी सर्वोत्तम कॅसेट होती.

सुवर्णाने ती दहा मिनिटं ऐकली आणि सरांच्या हातात परत दिली. "दादा, राग न्हाय ना येणार? ही ऐकताना झोप येते. मना ती वहिनीवालीच पायजे."

सर तिला समजावत होते, मी तिला समजावत होतो, पण पोरगी हट्टाला पेटली. शेवटी तिने जुनीच कॅसेट नेली. पेपरपर्यंत मला धड झोप नाही... पुन्हा नापास झाली असती तर ते माझ्या ढिल्या बटणामुळे, असं मनाने घेतलं होतं.

पेपर संपल्यावर कळलं, आणीबाणीचे प्रकारच आले होते. सुवर्णा क्षणभर अडकली आणि मग तोंडाने हळूच शिट्ट्या मोजायला लागली. तिची उत्तरं लिहून घेणारी दहावीतली मुलगी घाबरून बघतच राहिली. पहिली शिट्टी राष्ट्रीय, दुसरी राज्यातली... "आन् तिसरी न्हाय आली ना दादा, गॅस संपला! म्हणून मी सांगितलं, आर्थिक आणीबाणी आपल्या देशात अजून एकदापन लागली न्हाय!"

हा मुद्दा स्वतः वाचूनही मलाच लक्षात राहिला नव्हता, हो.

काल संध्याकाळी ती वडिलांसोबत पेढे घेऊन घरी आली. मी हात पुढे केला, तर बाई विचारते, "वहिनी कुठंय?" मनीषा तिला आत घेऊन गेली. सुवर्णाने ओटा चाचपला, कुकरच्या झाकणावरून हात फिरवला, शिट्टी बोटांनी हलवून पाहिली. "हाच काय तो," म्हणाली आणि पहिला पेढा मनीषाला भरवला. मनीषाच्या डोळ्यांना धार लागली. वडील दारातूनच म्हणाले, "आता जाऊ दे तिला कोर्सला." माझा पेढा तोंडाशीच राहिला.

आज दोन्ही कॅसेट केंद्राच्या कपाटात लागल्या. जुनीवर सरांनी ब्रेलमध्ये लेबल चिकटवलंय. मला ब्रेल येतं, म्हणून बोट फिरवून वाचलं... 'वाचन : सौ. म्हात्रे. साथ : श्री. म्हात्रे.'

इतकी वर्षं मी समजत होतो की दर शुक्रवारी घरात समाजसेवा मी एकटाच करतोय. थँक्यू, मनीषा... सिलिंडरचा नंबर लावलाय.