अप्पांच्या नावाचं गाणं

बारा वर्षं मुलींच्या आश्रमात अधीक्षिका म्हणून काढली की किस्से नुसते साठत जातात. एक सांगायला घ्यावा तर मागून चार उभे. आमचा आश्रम गुहागरहून हेदवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एकट्या पडलेल्या तीस मुली, स्वयंपाकाला शेवंतामावशी आणि ओरडायला मी. लोक कुणाच्या वाढदिवसाला, नाहीतर कुणाच्या आठवणीसाठी जेवण देतात. त्यामुळे आमच्याकडचं गोडधोड एकतर जन्माचं, नाहीतर मरणाचं!

*

पितृपक्षात तर रोज खीर-वडे. एकदा बाराव्या दिवशी टेम्पो फाटकात शिरला, तशी सात वर्षांची पिंकी मावशींच्या पदराला लोंबकळली.

"मावशे, आज तरी कोण मेलेलं नाय ना गो? मला पिठी-भात हवाय."

मावशींनी खीर झाकून ठेवली आणि कुळथाची पिठी टाकली. दात्यांना आम्ही कळवलं नाही.

*

पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला, "मोठेपणी कोण होणार?" डॉक्टर म्हटलं की टाळ्या पडतात, हे सगळ्या मुलींना पाठ. पिंकी म्हणाली, "देणगीदार."

पाहुणे गहिवरले. "का गं बाळा?"

"त्यांना खुर्ची मिळते. नि भाषण चालू असलं तरी पाणी पिता येतं."

*

हसणं चालू होतं, पण एक काळजीही होती. पिंकीची मोठी बहीण सायली जूनमध्ये अठरा पूर्ण करणार होती. तिची खरी तारीख कुणालाच माहीत नाही. शाळेने लिहिलेली ती एक जून. अठरा झाली की आश्रम सोडायचा, हा नियम. पुढची सोय होती, पण पुण्यात. पिंकी इथेच राहणार.

"मी जाईन बाई," सायली म्हणायची, "पण हिची वेणी कोण घालणार?"

पिंकीने आपल्यापुरता उपाय काढला. ऑफिसातल्या कॅलेंडरचं जूनचं पान फाडून तिने आपल्या पेटीत लपवलं. मी रागावले नाही. मेनंतर एकदम जुलै बघून मलाही जरा बरं वाटलं.

*

आमची एक पद्धत आहे. वाढदिवसाचं जेवण असेल तर शेवटी मुली गाणं म्हणतात, आठवणीचं असेल तर हात जोडतात. त्या दिवशी यातलं काय करायचं, ते मी सकाळीच सांगते.

त्या फेब्रुवारीत गुहागरच्या कुंदाकाकूंनी जेवण दिलं. त्यांच्या यजमानांचं, अप्पांचं, तेरावं नुकतंच झालं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी सांगायचं माझ्याकडून राहिलं. जेवण कुणाच्या नावाचं ते आम्ही फळ्यावर लिहितो; मुलींनी ते नाव वाचलं आणि टाळ्या वाजवत अप्पांना शंभर वर्षांचं आयुष्य चिंतलं! मी खांबाला टेकले.

काकू पदराने डोळे पुसत हसायलाच लागल्या.

"आम्ही ह्यांचा वाढदिवस कधी केलाच नाय हो. ऐकायला असते तर लाजले असते."

*

मग काकू दर रविवारी यायला लागल्या. सायलीचं कळल्यावर म्हणाल्या, "दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. घरात मी नि मांजर. पोरीला माझ्याकडे दे."

मग बालकल्याण समितीपुढे अर्ज, गृहभेट, पुन्हा अर्ज. होकार आला त्या दिवशी मी ऑफिसचं दार लावून मनसोक्त रडले. एक जूनला सायली आश्रमातून निघाली, ती वीस मिनिटांवर गेली. संध्याकाळी येऊन पिंकीची वेणी घालूनही गेली. जूनचं पान पिंकीने स्वतःच आणून दिलं.

*

यंदा अप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि काकू मोदक घेऊन आल्या, सोबत सायली. मी सकाळीच मुलींना बजावलं होतं, आज फक्त हात जोडायचे. पंगत उरकत आली. सगळ्या हात जोडून गप्प. काकूंनी जरा वाट पाहिली, मग माझ्याकडे वळल्या.

"काय गो, पोरींना दम दिलास काय?"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली आणि गाणं सुरू झालं. ते संपल्यावर पिंकीने विचारलं, "काकू, अप्पा किती वर्षांचे झाले?"

काकूंनी तिच्या ताटात आणखी एक मोदक ठेवला.

"एक," त्या म्हणाल्या.