मोहोरातली बाग

"आधी खा, मग बोल," असं म्हणून ताई सुरीच्या टोकावर दशहरी आंब्याची फोड पुढे धरायच्या. समोर बँकेचा मॅनेजर असो की रिक्षावाला, फोड तोंडात गेल्याशिवाय त्या भाव सांगत नसत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतः जेवायचं विसरतात, पण दुसऱ्याला भरवल्याशिवाय सोडत नाहीत.

ताई मूळच्या वर्ध्याच्या. यजमान हवाई दलात होते. ते गेल्यावरही त्या लखनौला विकास नगरातच राहिल्या. मी समोरच्या घरात. दर रविवारी सकाळी त्यांच्या फाटकापाशी सतरंजी पसरली जाई आणि मलिहाबादकडच्या बायका टेम्पोतून भाजी घेऊन येत. विषारी औषध न फवारलेली. मधे दलाल नाही. पिकवणारी आणि खाणारी समोरासमोर.

आंबे एका म्हाताऱ्या बागवानाचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. फवारणी सोडा म्हणून ताई मागे लागल्या तेव्हा चाचा हसले. "बिटिया, भुनगा सारा बौर चाट जाएगा." बौर म्हणजे मोहोर, भुनगा त्यावरची कीड.

"एक साल मेरी बात मान लीजिए, चाचा."

चाचांनी मानली, आणि किडीने खरंच निम्मा मोहोर खाल्ला. ताई तोंड लपवून बसल्या नाहीत. उरलेले डागाळलेले आंबे घेऊन त्या दारोदार फिरल्या. "दिसायला माझ्यासारखे आहेत गं, पण गोड आहेत," म्हणत सगळे खपवले. पुढच्या वर्षी बाग सावरली.

मग नैसर्गिक शेतीची सरकारी योजना आली. तिच्यात बसायला सलग जमीन लागत होती. चाचांची बाग मधोमध, भोवती बायकांचे भाजीचे तुकडे. ताईंनी एकेकीला राजी केलं, कचेरीत खेटे घातले. मंजुरी मिळाली त्या दिवशी त्यांनी मला भर रस्त्यात मिठी मारली.

त्याच वर्षी थंडीत चाचा वारले. मुलांनी बाग प्लॉट पाडणाऱ्याला विकली. ताई मला घेऊन तिकडे गेल्या. थोरल्या मुलाला म्हणाल्या, "बौर आ गया है, बेटा. यह फसल तो उतर जाने दो."

त्याने मान खाली घातली. "अब हमारे हाथ में नहीं है, आंटी." तो काही वाईट माणूस नव्हता. आम्हाला चहा पाजल्याशिवाय त्याने जाऊ दिलं नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा झाडं आडवी पडली होती. तोडायची परवानगी कशी मिळाली, कुणी सांगेना. मोहोर अजून ताजा होता आणि त्यावर मधमाश्या बसत होत्या. ताई एका खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. परतताना गाडीत एवढंच बोलल्या, "थांबा, फळ मिळेल, असं मीच सांगितलं होतं चाचांना."

मधली बाग गेली तशी योजनेतून बायकांची नावंही गेली. ताई सतरंजी पसरत राहिल्या, पण आवाज बसला होता. आंब्याच्या दिवसांत कुणी विचारलं की त्या उठून, अगदी जवळ जाऊन सांगत, "यंदा नाहीत." घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तसं. पावसाळ्यात एका पहाटे त्या झोपेतच गेल्या.

ताईंचा मुलगा बंगळूरहून आला. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदीत. सुतकाचे दिवस चालू असतानाच रविवार आला आणि टेम्पो फाटकाशी थांबला. तो गोंधळला. "माँ तो रहीं नहीं. अब यह सब कौन लेगा?"

"मालूम है, बेटा," टेम्पोतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली. "घर में बैठा नहीं गया."

सतरंजी मीच आणली. कॉलनीतली माणसं आली, भाजी घेऊन गेली. मुलगा पायरीवर बसून रडत होता आणि ती म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुपारी टेम्पो निघून गेला.

पुढच्या रविवारी मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसले. कुणी आलं नाही.