भिंतीकडे वळवलेला तांब्या

बिराजदार गुरुजींचा शेवटचा फोन मी उचलला नाही.

शाळेच्या ग्रुपवर उशिरा लिहितोय, माफ करा. गुरुजींना जाऊन सोळा दिवस झाले. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, मोबाईलवर टाईप करताना एकेक अक्षर शोधावं लागतं.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण भीती.

गुरुजी औशाला शाळेत इतिहास शिकवायचे. मी एसटीचा ड्रायव्हर. दर हिवाळ्यात शाळेची एका दिवसाची सहल नांदेडला म्युझियम बघायला जायची. पहाटे निघायचं, रात्रीपर्यंत परत. गाडीवर मीच. गुरुजी डेपोत येऊन मलाच मागून घ्यायचे.

का, ते आज सांगतो.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी मुखेडला मुक्कामी गाडी घेऊन गेलो होतो. घरी बायको आणि आमची कमल. तीन वर्षांची.

बायको वाचली.

ढिगाऱ्यातून कमलचा तांब्या निघाला. पितळी, बारशाला मामाने दिलेला. त्यावर कोरलेलं, "चि. कमल हिस बारशानिमित्त मामाकडून." नावाला लागूनच मोठा पोचा पडला होता.

तिचा फोटो नव्हता. तिचं नाव लिहिलेलं असं जगात तेवढंच होतं.

दोनेक वर्षांनी गुरुजी घरी आले. म्हणाले, "डायवर, आपल्यामागं हा तांब्या कोणी तरी मोडीत घालील. म्युझियमवाले भूकंपाचं कपाट करायलेत. तिथं द्या. नाव राहील पोरीचं."

पटलं.

देण्याच्या आदल्या दिवशी बायकोने चिंच लावून तो घासला. मग मी राखेने घासला. मळकं भांडं कोणाला द्यायचं नसतं, एवढं आम्हाला कळत होतं.

गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"अहो, त्याच्यावरची माती कुठं गेली?"

"धुतली की गुरुजी."

"डायवर, तुम्ही भूकंपच धुऊन टाकला की हो!"

दोघंही हसलो. म्युझियमचे साहेब हसले नाहीत. त्यांनी तांब्या भूकंपाच्या कपाटात घेतलाच नाही. जुन्या भांड्यांच्या रांगेत ठेवला. खाली चिठ्ठी, "तांब्या. पितळ. घरगुती वापर."

चांगली बाजू लोकांकडे. पोचा आणि नाव भिंतीकडे.

त्या दिवसापासून मला चिंच खाववत नाही.

मग गुरुजींनी एक पद्धतच पाडली. सहल तिथे पोचली की आधी शिपायाला हाक.

"मामा, कुलूप काढा."

"गुरुजी, तुमचं दरवर्षीचंच हाय."

"दरवर्षीचंच हाय, रोजचं न्हाई. फिरवा तेवढा."

शिपाई कुरकुर करत तांब्या फिरवायचा. गुरुजी म्हणायचे, "वाचा रे." आणि चाळीस पोरं एका सुरात वाचायची. चि. कमल हिस बारशानिमित्त मामाकडून.

मी दाराजवळ उभा. गुरुजींनी पोरांना कधीही सांगितलं नाही की कमल कोणाची. माझ्याकडे बघायचेही नाहीत.

आम्ही निघालो की शिपाई तांब्या परत भिंतीकडे करायचा. चालायचं. वर्षातून एकदा तरी कोणी तिला नावाने हाक मारत होतं.

मग लातूरला क्लासेसचा धंदा वाढला. औशाची पोरं पहाटेच्या बसने लातूरला जायला लागली. मीच नेत होतो की. पोरं उभ्या उभ्या झोपायची.

सहलीच्या मीटिंगला एक पालक उभे राहिले. "गुरुजी, रविवारी टेस्ट असते. एक दिवस बुडवून जुनी भांडी काय बघायची? म्युझियम टीव्हीवर दाखवू की."

गुरुजी म्हणाले, "दाखवा. जेवणपण टीव्हीवरच दाखवा."

सगळे हसले. आणि सहलीला नावं आली फक्त नऊ. पुढच्या वर्षी सहलच बंद.

त्या पालकांचा मुलगा आज मोठा डॉक्टर आहे. परवा गुरुजींच्या फोटोखाली त्याने RIP टाकलं. बऱ्याच जणांनी टाकलं. तीन अक्षरं. कमलच्या नावातही तीनच आहेत बाबांनो. तुम्ही ती मोठ्याने वाचलेली आहेत. आठवतं का कोणाला?

मला राग कोणाचा जास्त येतो, खरं सांगू? माझा.

गेल्या महिन्यात गुरुजींचा फोन आला. "डायवर, चला एकदा. दोघंच. आता तर आपल्याला तिकीटपण न्हाई."

मी कारणं सांगितली. गुडघा. पाऊस. लघवीला गाडी थांबवतील का. मीच एसटीचा ड्रायव्हर आणि मीच हे विचारत होतो.

गुरुजी वैतागले. "बसा मग घरात. मी एकटाच जाऊन येतो. तांब्याचं तोंड कुठं हाय, ते संध्याकाळी सांगतो."

गेले. वय एक्याऐंशी, हातात काठी, दोन बस बदलून गेले.

संध्याकाळी फोन वाजला. स्क्रीनवर "गुरुजी". मी बघत बसलो.

वाटलं, तांब्या तिथे नाहीच म्हणाले तर? नवीन साहेबांनी काढून टाकला म्हणाले तर? उद्या सकाळी करू, म्हटलं. चहा पिऊन, मन घट्ट करून.

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. ॲटॅक.

मी मुलाला विचारलं, बाबा काही बोलले का नांदेडहून आल्यावर? तो म्हणाला, "काका, दमले होते. तुम्हालाच फोन लावत होते."

अंत्यविधीला मी गेलो. मागे उभा राहिलो, सहलीत राहायचो तसा.

गुरुजी, तुमचा निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही, यात तुमची चूक नाही. मुलगी माझी होती आणि तिच्यासाठी बस तुम्ही बदलल्या. तुमच्या ड्रायव्हरचा शेवटचा नमस्कार घ्या.

आता बाकीच्यांना. नांदेडला कोणी असेल तर एकदा जाऊन बघा. सोमवारी बंद असतं. जुन्या भांड्यांची रांग, खिडकीच्या बाजूचं कपाट. शिपायाला मामा म्हणा, कुलूप काढायला लावा, तांब्या फिरवा आणि नाव वाचा. मोठ्याने.

नसेल तिथे, तर नाही म्हणून सांगा.

पण लवकर कळवा. या वेळी मी फोन उचलीन.