महानंदाबाईंची हिरवी बाटली

आई विड्या वळायची, अण्णा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. खोकल्यानं अण्णांचे खाडे वाढले, तशी घरात चूल एकवेळच पेटू लागली. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला, आणि सोलापुरातच क्षयाच्या प्रयोगशाळेत लागलो. तिथल्या प्रमुख महानंदाबाई.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजारात नेलं, अंडी आणायला! बाई स्वतः अंडं तोंडाला लावत नसत. पण होटगीहून अंडी विकायला येणाऱ्या शेवंतापुढं बसून चौकशी सुरू. "कोंबडी काय खाते? आजारी होती? औषध दिलंस?"

"न्हाय वं. अंडी न्यायला आलाय का कोंबडीचं स्थळ बघायला?" शेवंता हसली.

अंडी क्षयाच्या जंतूंना खाऊ घालायला होती. बाई ती फोडून गाळत, त्यात हिरवा रंग घालत आणि आडव्या बाटल्यांत मंद आचेवर थिजवत; मग त्यावर रोग्याचा बेडका पेरत. "बेडक्यात नाना जातीचे जंतू. सगळेच पंगतीला बसले तर आपला पाहुणा उपाशी राहील. हा रंग बाकीच्यांना दारातच अडवतो."

मी अण्णांचाही बेडका तपासायला आणला होता; त्यात सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नव्हतं. क्षय आहे की नाही, ते आता बाटलीच सांगणार होती. मी रोज डोकावायचो. बाई म्हणायच्या, "हा पाहुणा सावकाश येतो रे."

दोन महिन्यांनी बाटली कोरीच निघाली. मी घरी सांगितलं, अण्णा खूश. "म्या म्हनलं न्हवतं, कापसाचा खोकला हाय?"

बाई मात्र दुसरीच बाटली उजेडात धरून बघत होत्या. दर खेपेला त्या एका बाटलीत क्षयाचा जंतू मुद्दाम पेरत. तीही कोरीच होती. "जो यायलाच हवा, तोही जेवला नाही. खोट ताटात आहे."

आम्ही बाजार गाठला. शेवंता खाली बघत म्हणाली, "दिलं हुतं औषध. कोंबड्या माना टाकत हुत्या. सांगितलं असतं तर अंडी न्हेली असती का?"

"नसती नेली. ते औषध अंड्यात उतरतं आणि जंतूंना मारतं. पुढच्या बाजारी नेली असती. आता सांगशील?"

"सांगते की, बाई."

बाईंनी ती सगळी खेप टाकून दिली. एकाही रोग्याला 'क्षय नाही' असं कळवलं नाही. सगळ्यांना पुन्हा बोलावलं. अण्णा कुरकुरले, "थुकायला पुन्यांदा खाडा करू व्हय?"

"त्या कोऱ्या बाटलीवर माझा विश्वास नाही, अण्णा," मी म्हणालो. " एकदा थुंकाच."

नव्या बाटलीत काही आठवड्यांनी, हिरव्यावर भाकरीच्या चुऱ्यासारखे पिवळट कण उगवले. मी बघतच राहिलो. एवढ्या गर्दीतून नेमका तोच!

"आला बघ पाहुणा," बाई म्हणाल्या. "आता घालवू त्याला."

पुढं बाईंची बदली झाली. आता बाजारात कोंबड्यांची चौकशी मी करतो. शेवंता न विचारताच सांगते.

इंजेक्शनं, गोळ्या, सगळं अण्णांनी पुरं केलं. दीड वर्षानं ते बरे झाले आणि पुन्हा साच्यावर उभे राहिले.