हरेशच्या हातची सीडी

हरेश गेल्याचं मला सुगंधावहिनींच्या फोनवरून कळलं. मी बँकेत काउंटरवर होतो, समोर रांग होती, म्हणून पहिल्यांदा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा नाव बघितलं आणि बाजूला झालो. त्या रडत नव्हत्या. "दादा, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग पुढचं त्यांनीच सांगितलं. आपटा गावातल्या एका लग्नाचे मिठाईचे बॉक्स पोचवून तो सकाळीच परत आला होता. टेम्पो लावला, हातपाय धुतले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत भिंतीला टेकून बसला... त्या कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता. मी काउंटरवरच्या आजींचं पासबुक त्यांना परत दिलं, साहेबांना सांगितलं आणि निघालो. गेल्या दिवाळीत त्याने जेवायला बोलावलं होतं आणि मी 'येतो, येतो' करत गेलो नव्हतो, हे कोळीवाड्यातल्या त्याच्या घरी पोचेपर्यंत डोक्यातून जाईना.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही चौघं पनवेलमध्ये हळदीला वाजवायचो. आमच्याकडे हळद म्हटली की दारात मांडव आणि मांडवात बेंजो पार्टी हे ठरलेलंच, आणि तेव्हा अशा पार्ट्या गावोगाव होत्या. एक जण बेंजोवर, एक ढोलकीवर, एक ऑक्टोपॅडवर आणि मी गाणारा. सराव तळ्याजवळच्या माझ्या घराच्या गच्चीवर चालायचा, म्हणून पार्टीचं नाव 'तळेकाठ'. हरेश आमच्यातला पाचवा. शाळेपासूनचा माझा मित्र, आई बाजारात मासळी विकायची, आणि तो स्वतः उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात पॅकिंगच्या कामाला जायचा. त्याला कुठलंच वाद्य येत नव्हतं. आम्ही त्याला खुळखुळा देऊन बघितला, झांज देऊन बघितली. पहिल्या कडव्यातच तो आमच्या पुढे निघून जायचा, मग स्वतःच हसून झांज खाली ठेवायचा. तरी सरावाला सगळ्यात आधी तोच हजर. वायरी गुंडाळून ठेवणं, यजमानांशी बोलणं, ढोलकीवाल्याला वेळेवर घरातून बाहेर काढणं, ही सगळी कामं कुणी न सांगता त्याच्याकडे गेली होती.

त्या काळात लोक सुपारी द्यायच्या आधी विचारायला लागले होते, "तुमची सीडी हाय काय? ऐकून सांगतो." मोठ्या पार्ट्यांच्या सीड्या निघत होत्या, आमच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी आम्ही ठरवलं की आपणच करायची. गच्चीवरच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, भावाच्या कॉम्प्युटरला एक माइक जोडला आणि चार रविवार दुपारभर घामाघूम होत आमची स्वतःची सात गाणी भरली. गाणी भरली की काम झालं असं आम्हां चौघांना वाटत होतं. कोऱ्या सीड्या कुठून आणायच्या, त्या कशात घालून द्यायच्या, याचा विचार कुणीच केला नव्हता. हरेश म्हणाला, "ता मी बघतो."

पहिल्या सीड्या त्याने बाजारातूनच आणल्या, वर काही न छापलेल्या, एकावर एक रचलेल्या पन्नासच्या डब्यात. कॉम्प्युटरवर त्या छान वाजल्या. आम्ही खुशीत वाटून टाकल्या आणि आठवड्याच्या आत उरणहून एका यजमानांचा फोन आला, तिसऱ्या गाण्याला अडकते म्हणून. मग दुसऱ्याचा आला. कुणाच्या घरी ती नुसतीच गरगर फिरत होती. आम्ही सगळे कॉम्प्युटरला दोष देत बसलो. हरेश मात्र ज्या ज्या घरी सीडी दिली होती तिथे तिथे स्वतः गेला, माफी मागून ती परत घेतली आणि दुसरी आणून देतो असा शब्द देऊन आला. मग एका सुट्टीच्या दिवशी एसटीने मुंबईला गेला आणि बाजारात मिळतील तितक्या प्रकारच्या कोऱ्या सीड्या एकेक करून घेऊन आला. कुणाची खालची बाजू हिरवट, कुणाची निळसर, कुणाची सोन्यासारखी पिवळी. प्रत्येकीवर आमचंच पहिलं गाणं भरायला लावलं आणि त्या घेऊन तो कोळीवाड्यात घरोघर फिरला. "कॉम्प्युटर काय बी खातो," तो मला म्हणाला, "लोकांच्या घरचा जुना प्लेअर काय खातो ता बघाया पायजे." चार दिवस हळदीचं एकच गाणं ऐकून त्याच्या शेजारणीने त्याच्या आईला विचारलं, पोराचं लग्न ठरलंय काय. शेवटी निळसर सीडी सगळीकडे वाजली. तो परत मुंबईला गेला आणि तसल्या शंभर घेऊन आला. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आम्हां वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर गाणं भरल्यावरही नव्हता, असं आता वाटतं.

राहिला प्रश्न त्या घालायच्या कशात. प्लास्टिकच्या कडक डब्या पिशवीत तडकत होत्या, आणि खिडकी असलेली कागदी पाकिटं हरेशला आवडेनात. त्याचं म्हणणं होतं, ज्या बाईच्या हातात ही जाणार ती हळदीच्या गडबडीत कुठेतरी ठेवणार, त्यावर ताट येणार, तेलाचा हात लागणार... म्हणजे पाकीट जाड पाहिजे. गोदामातल्या कामामुळे त्याला खोक्यांची जाण होती. एक आठवडाभर तो वर्तमानपत्राचे कागद कापून घड्या घालत बसलेला मी पाहिला आहे. डिंक न लावता एका कागदाचं पाकीट व्हावं, झाकण आपलं आपण अडकावं, अशी घडी त्याला हवी होती आणि ती त्याने काढली. जाड कागदासाठी तो लग्नपत्रिका छापणाऱ्या रफीकचाचांकडे गेला. चाचांनी आधी त्याची वर्तमानपत्राची घडी उलगडून बघितली, पुन्हा घालून बघितली आणि म्हणाले, "माशाल्लाह, हाथ साफ है तेरा. ले जा, वो कोने में जो पड़ा है सब ले जा." कोपऱ्यात चुकीच्या छापलेल्या पत्रिकांचे मोठे कागद होते, मागून कोरे, आणि त्या कोऱ्या बाजूवर आमचा मजकूर चाचांनीच छापून दिला. त्यामुळे आमच्या सीडीच्या पाकिटाच्या बाहेर आमचं नाव, गाणी आणि आत उलगडून पाहिलं तर कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा मजकूर. लोकांना त्याची फार गंमत वाटायची.

बाहेरचा मजकूर मी लिहिला होता. इथे मला जे सांगायचं आहे ते अजूनही जड जातं. चौघांची नावं, कोण काय वाजवतं ते, माझ्या घरचा फोन नंबर, आभारात माझ्या भावाचं नाव, कारण कॉम्प्युटर त्याचा. हरेशचं नाव नव्हतं. मुद्दाम गाळलं असं नाही, ते सुचलंच नाही, आणि हे जास्त वाईट. कागद छापून आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो समोर बसून घड्या घालत होता, प्रत्येक घडीवर अंगठ्याचं नख ओढत होता, आणि प्रत्येक पाकिटावरची चार नावं त्याच्या डोळ्यांखालून जात होती. मी म्हटलं असतं, अरे चुकलं माझं, तर कदाचित तिथेच मिटलं असतं. मी बोललो नाही. तोही बोलला नाही. शंभर पाकिटं झाली.

त्या सीडीने आम्हाला दोन हंगाम भरपूर कामं दिली. दुसऱ्या शंभराची वेळ आली तेव्हा मी मजकूर नव्याने लिहिला आणि 'वेष्टन : हरेश' असं मोठ्या अक्षरांत घालून त्याला दाखवायला गेलो, खरं तर मनातल्या मनात स्वतःवर खूश होऊन. त्याने कागद वाचला आणि परत दिला. "पैल्यांदा नाय सुचला ना तुला? मग र्‍हाऊ दे. शंभर घरात बिननावाचीच गेली." मी समजूत घालायला लागलो तर म्हणाला, "मी वाजवत नाय, ता माना ठाव हाय. तू कशाला सांगतंस?" एवढ्या वर्षांत तो माझ्यावर रागावला तो तेवढाच. त्याने दुसरी शंभरही करून दिली, एकही घडी वाकडी नाही, पण नाव काढायला लावलं. आणि त्यानंतर सरावाला येणं हळूहळू कमी केलं.

पुढे बेंजोवाल्याला बंदरात नोकरी लागली, मला बँकेत लागली, पार्टी संपली. हरेश आणि मी रस्त्यात भेटलो की बोलायचो, पण आधीसारखं नाही. मग एक दिवस तो बँकेत आला आणि म्हणाला, गोदाम सोडलं, खोकी बनवायचं स्वतःचं काम सुरू करतोय, पूजेला ये. कोळीवाड्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक मोठी खोली त्याने घेतली होती. नवीन लग्न झालेलं, सुगंधावहिनी पूजेच्या तयारीत होत्या. त्याने त्यांना हाक मारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "ह्यो आमचा गाणारा. ह्याची सीडी मी केली." मला तेव्हा मान वर करता आली नाही. त्याला ते दिसलं असावं, कारण लगेच त्याने माझ्या हातात प्रसादाची ताटली दिली आणि वाटायला लावली.

तो गेल्याला आता सहा आठवडे झाले. गेल्या शनिवारी दुपारी मी त्या खोलीवर गेलो. काम बंद असेल असं वाटलं होतं, पण दार उघडं होतं. लग्नाची तारीख कुणासाठी थांबत नाही, वहिनी म्हणाल्या. त्या आणि शेजारच्या तीन बायका चटईवर बसून मिठाईचे बॉक्स घडवत होत्या. भिंतीलगत त्याचं टेबल होतं, टेबलावर स्टीलची पट्टी, पेन्सिली, चष्मा. कुणी काही हलवलेलं नव्हतं. मीही खाली बसलो आणि एक कागद ओढून घडी घालायला लागलो. दोन झाले, तीन झाले. चौथ्याला वहिनींनी माझ्या हातातून तो हळूच काढून घेतला.

"दादा, तुमचा हात नाय हा. तुमी गाणं म्हणा."

मी म्हटलं, आता कुठलं गाणं, किती वर्षांत गळा उघडला नाही.

"कुठला पन म्हणा. बायांचं काम लवकर होतं."

मी आमचं पहिलं गाणं सुरू केलं. आवाज बसलेला होता, सूरही खाली धरला. बायका खाली मान घालून घड्या घालत होत्या. दुसऱ्या कडव्याशी आलो आणि मला पुढची ओळच आठवेना. मी लिहिलेली ओळ, शेकडो वेळा गायलेली. मी थांबलो. सुगंधावहिनींनी कागदावरून नजर न काढता ती ओळ सांगितली, तिच्या पुढचीही सांगितली, आणि तयार बॉक्स बाजूला ठेवून पुढचा कागद घेतला.

मी ते कडवं म्हटलं.